नाल्याकाठची साफसफाई

“हलू नका,” कुमुदिनी कुजबुजली, आणि बंडू एक पाय उचललेला तसाच धरून उभा राहिला.

समोर नाल्याच्या काठावर, बेशरमाच्या दाट झुडपातून पाणकोंबडी बाहेर आली होती. पांढरं तोंड, पांढरी छाती, शेपटीखाली विटकरी रंग, आणि दर पावलाला ती आखूड शेपटी वर झटकायची सवय. तिच्यामागून काळ्या लोकरीच्या गुंड्यांसारखी पिल्लं निघाली. रांग संपली असं वाटल्यावरही थांबायचं असतं, हे आता दोघांना पाठ झालं होतं. थोड्या वेळाने झुडूप पुन्हा हललं आणि शेवटचं पिल्लू धडपडत बाहेर आलं.

“आली बघा मागची,” कुमुदिनी म्हणाली. “रोज लेट. दिमाग कुठे असतं हिचं, देव जाणे.”

“पाय ठेवू का आता?”

“ठेवा ना. मी काय पकडून ठेवलाय? पण आवाज नको.”

बंडूने पाय ठेवला. गुडघा चांगलाच दुखत होता, पण त्याबद्दल तो एक अक्षर बोलला नाही. बायको बोलत होती ना, मग गुडघ्याचं काय एवढं!

बंडूला पक्ष्यांचा नाद होता असं कुणी समजू नये. इंदूरच्या जुन्या छत्रीबागेच्या गल्ल्यांत वाढलेला माणूस तो. त्याला कावळा, चिमणी आणि कबूतर एवढेच पक्षी माहीत होते, आणि त्यातलं कबूतरसुद्धा ते स्कूटरच्या सीटवर घाण करायचं म्हणून. पणजोबा होळकरांच्या दफ्तरात कारकून, आजोबा कारकून, वडील कारकून, आणि बंडूही एका सरकारी कचेरीत बाबू. त्याचं खरं नाव बाळकृष्ण होतं, पण सगळी कचेरी त्याला, इंदुरी रिवाजाने ‘भैया’चं ‘भिया’ करून, बंडू भियाच म्हणायची. राऊकडच्या नव्या कॉलनीत घर बांधलं तेव्हा मागून नाला वाहतो म्हणून त्याने बिल्डरशी चांगली हुज्जत घातली होती. असा हा माणूस आता रोज सकाळी त्याच नाल्याकाठी बायकोच्या मागे चवड्यांवर चालत होता, आणि दुपारी डबा खाताना मोबाइलवर पाणकोंबडी काय खाते ते वाचत होता.

याचं कारण मधुवंती. त्यांची एकुलती एक मुलगी, पंचविशीची, नुकतीच बँकेत लागलेली. गेल्या दिवाळीनंतर तिला ताप आला, डेंग्यू निघाला, आणि आठवडाभरात सगळं आटोपलं. त्यानंतर कुमुदिनीचं बोलणं बंद झालं. अगदी मुकी झाली असं नाही. ‘वाढू का?’, ‘गॅस संपलाय’, ‘दार लावा’, एवढं ती बोलायची. पण ज्याला आपण बोलणं म्हणतो ते गेलं. जिने पंचवीस वर्षं बालमंदिरातल्या पोरांना गोष्टी सांगितल्या, जिच्यापुढे घरात कुणाला तोंड उघडायची सोय नव्हती, ती बाई तासन्‌तास भिंतीकडे बघत बसायची. डॉक्टर म्हणाले, चालायला न्या. म्हणून बंडू संक्रांतीनंतर तिला रोज नाल्याकाठी नेऊ लागला. ती निमूट चालायची आणि निमूट परत यायची.

आणि एका सकाळी पलीकडच्या वाकलेल्या बाभळीवरून एक खंड्या दगड पडावा तसा पाण्यात पडला आणि चोचीत मासा घेऊन वर आला. “अहो, बघितलंत?” कुमुदिनी म्हणाली. बंडूने खंड्या पाहिलाच नव्हता, तो तिच्या तोंडाकडे पाहत होता. पण तो म्हणाला, “हो तर! काय झपाट्याने गेला!” त्या दिवशी कचेरीत त्याने खंड्याची सगळी माहिती काढली. दुसऱ्या दिवशी ती विचारायच्या आत त्याने सांगून टाकलं, की हा काठाच्या मातीत बीळ करून राहतो. “बिळात? पक्षी?” ती म्हणाली. पुढे तिने विचारायचं आणि त्याने दुसऱ्या दिवशी उत्तर आणायचं, असं सुरू झालं. परीक्षेला बसलेल्या पोरासारखा बंडू अभ्यास करू लागला. ढोकरी एका जागी एवढा वेळ का उभी राहते, मुंगसाला साप चावला तर काय होतं, टिटवी जमिनीवर अंडी घालते तर ती वाचतात कशी. कचेरीतले लोक थट्टा करायचे, “भिया, रिटायरमेंट के बाद चिड़ियाघर जॉइन करोगे क्या?” बंडू हसायचा. घरात बायकोचा आवाज ऐकू येतोय यापरता आनंद त्याला दुसरा नव्हता.

मधूचं नाव मात्र दोघंही घेत नसत. घ्यायचं नाही असं ठरलं नव्हतं. पण कुमुदिनी पाणकोंबडीच्या मागे राहणाऱ्या पिल्लाला ‘ती’ म्हणायची, तिच्या वेंधळेपणाला हसायची, तिची काळजी करायची, आणि ही काळजी कुणाची आहे हे न कळण्याइतका बंडू काही खुळा नव्हता. पोळा झाल्यावर पाऊस उघडला, तेव्हापासून रोज सकाळी त्या पिल्लाला पाहिल्याशिवाय ती परत फिरायची नाही. ते दिसलं की दिवस चांगला जायचा. नेहमीपेक्षा उशीर झाला, की बंडू वाकून झुडपाच्या बुडाशी शोधू लागायचा.

“मोठी होईल ना हो ही?” एकदा तिने विचारलं.

“होणार म्हणजे? महिनाभर थांब फक्त. आईसारखी पांढरी छाती येईल,” बंडूने वाचलेलं सांगितलं. “आणि ही जागा सेफ आहे एकदम. बेशरमाच्या आत ना कुत्रं घुसत, ना मांजर. म्हणून तर हिने इथे घर केलं.”

हे त्याने स्वतःच्या तोंडाने सांगितलं होतं, हे लक्षात ठेवलं पाहिजे.

त्यानंतर दोन-चार दिवसांनी एक लांबलचक धामण पायवाट ओलांडून गवतात शिरली. धामण बिचारी कुणाला काही करत नाही. पण कुमुदिनी दचकून मागे सरली, ओल्या मातीवरून घसरली आणि बसकण मारून खाली आली. घोटा मुरगळला. बंडूने तिला कसंबसं घरी आणलं, पाय स्टुलावर ठेवला, बर्फ लावला. डॉक्टर म्हणाले, हाड शाबूत आहे, आठवडाभर पाय टेकू नका.

आता इथे इंदूरच्या माणसाचा स्वभाव सांगायला हवा. आमचं शहर स्वच्छ आहे याचा अभिमान आम्हाला पोह्यांच्या अभिमानाइतकाच आहे. रस्त्यावर कागद टाकणाऱ्याला अनोळखी माणूससुद्धा थांबवून सुनावतो. बंडू तर त्यात दोन पावलं पुढेच. कॉलनीतला बंद दिवा असो की तुंबलेलं गटार, तो लगेच फोटो काढायचा, मोबाइलवरून महापालिकेकडे तक्रार टाकायचा आणि काम होईपर्यंत पिच्छा सोडायचा नाही. मनाला काही लागलं की त्याचे हात साफसफाईकडे वळायचे, हा त्याचा जुना स्वभाव. बायको पडली, तिला लागलं, आणि आपण काही करू शकलो नाही, हे त्याला सहन होईना. ती झोपली तसा तो काठावर गेला, घसरल्याच्या जागेचा फोटो काढला आणि लिहिलं: ‘नाले के किनारे झाड़ियाँ बढ़ गई हैं, साँप निकलते हैं, पत्नी गिर गई हैं। कृपया तत्काल सफाई करवाएँ।’

त्याच्या डोळ्यांसमोर फक्त पायवाट होती. कडेचं गवत कापतील, चार फरश्या टाकतील, कुमुद बिनधोक चालेल, एवढंच. पिल्लांचा विचार त्याच्या मनातही आला नाही. येणार कसा? तक्रार करणारा बंडू आणि पक्ष्यांचा अभ्यास करणारा बंडू यांची एकमेकांशी कधी गाठच पडली नव्हती.

तिसऱ्या दिवशी तो कचेरीत असताना कॉलनीच्या ग्रुपवर फोटो आले. पहिल्यात झाडी, दुसऱ्यात सपाट, तांबडी, स्वच्छ जमीन. खाली टाळ्याच टाळ्या. मग कॉलनीचे अध्यक्ष तुकोजी यांचा फोन.

“भिया, कमाल केली तुम्ही! जेसीबी आला होता, जेसीबी! दोन घंट्यात मैदान साफ. आता बाक येणार, टायरच्या कुंड्या येणार. मी तर म्हणतो, भियाचा सत्कार करू.”

“बेशरम... बेशरमाची झुडपं पण काढली?” बंडूने विचारलं.

“अरे, जडसकट! एक काडी नाही ठेवली.”

बंडू अर्ध्या दिवसाची रजा टाकून निघाला. नाल्याचा काठ ओळखू येत नव्हता. चुन्याची पांढरी रेघ आखलेली, उपटलेल्या मुळांचा कच्चा वास, आणि मातीवर मोठ्या चाकांच्या खुणा. वाकलेली बाभळही गेली होती. पँट गुडघ्यांपर्यंत दुमडून तो पाण्यात उतरला आणि पुलापर्यंत बघून आला. टोपली, चिंध्या, एक फुटकी बादली. पाणकोंबडी दिसली नाही, पिल्लं दिसली नाहीत. दूर कुठेतरी पलीकडच्या शेताच्या बांधावरून ‘क्वाक, क्वाक’ असं पाणकोंबडीचं ओरडणं ऐकू येत होतं. ते थांबायचं आणि पुन्हा सुरू व्हायचं. बंडू चिखलात उभा राहून ते ऐकत राहिला. त्याला आपल्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

घरी कुमुदिनी पुढच्या, रस्त्याकडच्या खिडकीशी बसली होती; नाला तिथून दिसत नव्हता, आणि नव्या कॉलनीत जेसीबीची घरघर रोजचीच. “पाय ओले कसे तुमचे? नाल्यावर गेला होतात?” तिचा चेहरा एकदम उजळला. “दिसली का मागची?”

खरं सांगितलं तर ही पुन्हा भिंतीकडे तोंड करून बसेल, आणि या वेळी तिला परत आणायला खंड्याही नाही आणि बाभळही नाही. बंडूने चपला काढल्या, वाकून नीट ठेवल्या.

“दिसली ना,” तो म्हणाला.

“आणि लेट?”

“लेट तर लेटच. तिचं काय बदलणार!”

कुमुदिनी हसली. त्या दिवसापासून तो रोज सकाळी एकटा फिरायला जायचा, उजाड काठावर उभा राहायचा आणि घरी येऊन पाणकोंबडीच्या गोष्टी सांगायचा. पिल्लाला मानेपाशी पांढरं फुटायला लागलंय. काल ते पहिल्यांदा आईच्या पुढे चाललं. ऐकता ऐकता कुमुदिनी खुलत गेली. एक दिवस तिने बसल्या बसल्या भाजी चिरताना काहीतरी गुणगुणलं, आणि स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असलेल्या बंडूला रडू आवरेना. खोट्याच्या पोटी एवढं सुख त्याने कधी पाहिलं नव्हतं, आणि ते किती दिवसांचं आहे हेही त्याला कळत होतं.

फार दिवसांचं नव्हतंच. एका सकाळी तो आंघोळ करून बाहेर आला तर स्टूल रिकामं, आणि दार नुसतं लोटलेलं. डॉक्टरांनी दिलेली काठीही जागेवर नव्हती. बंडू बनियनवरच धावत सुटला.

नवा बाक कालच बसवला होता. त्याच्यावर कुमुदिनी बसली होती, काठी मांडीवर आडवी. समोर पिवळ्या, निळ्या रंगाच्या टायरांत झेंडूची रोपं, आणि त्यापलीकडे नाला, अगदी उघडा. इकडून तिकडे काहीसुद्धा हलत नव्हतं.

“तुकोजी भेटले आत्ता,” ती त्याच्याकडे न बघता म्हणाली. “म्हणाले, भाभीजी, भियाने तुमच्यासाठी करवलं हे सगळं.”

बंडूला धाप लागली होती. “कुमुद, मला वाटलं, फक्त रस्त्याच्या कडेचं...”

“काल म्हणालात, दिसली. परवा पण.”

“तू पुन्हा गप्प होशील म्हणून... मी घाबरलो गं.”

ती चिडली असती, ओरडली असती, तर बरं झालं असतं. तिने फक्त मान हलवली.

“माझ्या चांगल्यासाठीच करता तुम्ही. मला माहीत नाही का? मधूची खोली पण तुम्ही अशीच साफ केली होती.”

मधूचं नाव दहा महिन्यांनी त्या दोघांमध्ये उच्चारलं गेलं. बंडू मटकन खाली, मातीतच बसला.

तेरावं झाल्यावर कुमुदिनीला तिची बहीण चार दिवस देपालपूरला घेऊन गेली होती. घरात बंडू एकटा. मुलीच्या खोलीचं दार उघडायचा आणि मिटायचा. ही परत येईल, हे सगळं बघेल आणि हिची छाती फुटेल, या विचाराने त्याला घेरलं. म्हणून त्याने पदर खोचावा तसा टॉवेल कमरेला खोचला आणि खोली साफ करायला घेतली. कपडे अनाथाश्रमात दिले. पुस्तकं वाचनालयात दिली. चादर, उशीची खोळ, पडदे, सगळं धुऊन काढलं. फरशी फिनेलने पुसली. आणि उरलं ते, शिस्तीच्या इंदूरकरासारखं, रडत रडत, ओला कचरा वेगळा आणि सुका वेगळा करून सकाळच्या गाडीत टाकलं. कुमुदिनी परतली तेव्हा खोली आरशासारखी लख्ख होती. ती उंबऱ्यात उभी राहिली, आत पाहिलं आणि “छान केलंत,” एवढं म्हणाली. बंडूला वाटलं होतं, तिला हलकं वाटलं असेल. त्या दिवसापासून तिचं बोलणं थांबलं होतं आणि तो मात्र डॉक्टरांना कारण विचारत हिंडत होता.

“उशीला वास होता तिचा,” कुमुदिनी सांगत होती, जणू दुसऱ्याच कुणाबद्दल. “देपालपूरला मी दिवस मोजत होते. म्हटलं, घरी गेले की ती उशी घेऊन झोपेन. कंगव्यात केस असतील तिचे. ती कधी काढायची नाही, मी ओरडायची. तो कंगवा...”

“हो,” बंडू म्हणाला.

“सुक्या कचऱ्यात?”

“हो.”

तिने डोळे मिटले. नाल्यावरून वारा आला, त्यात ओल्या रंगाचा वास होता. फिरायला निघालेला एक जण त्यांना बघून “नमस्ते भिया, मस्त काम झालं” म्हणत पुढे गेला. बंडूने हात जोडले, कारण ती सवयच होती.

“मी काही बघू शकले नाही,” कुमुदिनी म्हणाली. “तुम्ही एकट्यानेच बघितलंय शेवटचं. एक एक वस्तू हातात घेतलीय तुम्ही. सांगा मला. काय काय होतं?”

“आत्ता?”

“मग कधी?”

बंडूने नाक पुसलं. “टेबलावर बाटली होती पाण्याची. अर्धी. चार्जर लावलेलाच होता, बटन चालू. खुर्चीवर ओढणी, पिवळी.”

“हळदीसारखी. आणि?”

“चिक्की होती, अर्धी खाल्लेली, कागदात गुंडाळून. मुंग्या लागल्या होत्या. चपलांपैकी एक पलंगाखाली होती, एक दाराशी. बँकेच्या बिल्ल्यावर फोटो होता, त्यात ती हसत नव्हती.”

“तो आवडायचा नाही तिला. आणि?”

“खिडकीत कानातलं होतं. एकच.”

“दुसरं हॉस्पिटलवाल्यांनी काढून मला दिलं होतं,” कुमुदिनी म्हणाली. “मी ते जोडीला लावायचं म्हणून जपून ठेवलंय. ते पण सुक्यातच ना?”

बंडूने मान डोलावली.

“आणि कंगवा? कसला होता? रंग कोणता?”

बंडू आठवू लागला. तो कंगवा त्याने नक्की हातात धरला होता. धरून थोडा वेळ उभा राहिला होता, हेही आठवत होतं. पण रंग येईना. काळा? तपकिरी? त्याने डोळे घट्ट मिटले.

“हिरवा होता,” कुमुदिनी म्हणाली. “एका बाजूचे दोन दात तुटलेले.”

“हो, हो. हिरवाच,” बंडू घाईने म्हणाला.

कुमुदिनीने पहिल्यांदा मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. दहा महिन्यांत तिने त्याच्याकडे असं सरळ पाहिलं नव्हतं.

“आठवत नसेल तर नाही म्हणा. आता असं करू नका.”

“नाही आठवत,” बंडू म्हणाला, आणि भर सकाळी, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या देखत, ओंजळीत तोंड घालून तो हमसून हमसून रडू लागला.

कुमुदिनीने त्याच्या पाठीवर हात ठेवला नाही. ती नाल्याकडे बघत, त्याचं रडणं ओसरेपर्यंत बसून राहिली.

“बरं,” मग ती म्हणाली. “कपाटात काय होतं, ते सांगा.”